मिळेलच असे नाही

शब्दाला सत्तर पैसे.
'संमती' सत्तर पैसे, 'मृत्यू' सत्तर पैसे.
'स्वेच्छेने' एकवीस पानांत चौदा वेळा :
नऊ रुपये ऐंशी.

कोपरखैरण्यात, गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत
मी लांबून आलेल्या सावध वाक्यांना
मराठी बोलायला शिकवते.
प्लासिबोवर तीन दिवस गेले.
'खोटी गोळी' म्हणावं तर कंपनीला लागतं,
'निरुपद्रवी' म्हणावं तर मलाच.
शेवटी लिहिलं,
औषधी घटक नसलेली हुबेहूब दिसणारी गोळी.
चार रुपये वीस.
मग दुसरं कुणीतरी, बहुधा नागपुरात,
माझं मराठी उलट इंग्रजीत नेऊन बघतं,
वाटेत काय सांडलं ते.

पान सतरावर मी लिहिलं होतं :
'अभ्यास संपल्यावर हे औषध तुम्हाला मिळणार नाही.'
परत आलं. समासात शेरा, भाषा जरा मऊ करावी.
केली.
'मिळेलच असे नाही.'
च जोडून लिहितात,
त्याचे वेगळे पैसे होत नाहीत.

महाप्याच्या त्या काचेच्या इमारतीत
मी बिलावर सही घ्यायला गेले होते.
साक्षीदार आला नव्हता. बिंदू सिस्टर म्हणाल्या,
तुम्ही बसा ना, मराठी आहात.
निःपक्ष साक्षीदार.
हाही शब्द माझाच, सत्तर पैशांचा.

समोर हिराजी मढवी, घणसोली गाव, वय एकसष्ट.
साखर पंधरा वर्षांची,
डाव्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम.
कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला तसा
त्यानं तळव्यानं तोंड पुसलं,
सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

सिस्टर वाचत गेल्या. मल्याळी जिभेवर
माझी वाक्यं जरा बरीच वाटली.
'तुम्ही कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकता.'
'परत वाचा,' तो म्हणाला.
परत वाचलं.
'आमचे बापाचे कागदाव यो नव्हता.'
कुठला कागद, सिस्टरांनी विचारलं नाही.
खिडकीबाहेर पाइपलाइन, तिच्या अलीकडे पार्किंग,
त्याच्याही अलीकडे
तो काहीतरी मोजत होता, बांधावरून मोजतात तसं.

पान सतरा.
'मिळेलच असे नाही म्हंजे?
मिलंल का नाय मिलनार?'
त्यानं सिस्टरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
साक्षीदारानं बोलायचं नसतं.
लाल ठिपका जळत होता.
'नाही,' मी म्हटलं. 'मिळणार नाही.'
'मंग तसा लिवा ना, बाय.'
आणि पेनाला टोपण लावून
पेन टेबलावर सरळ ठेवलं.

तसं लिहिता येत नाही.
मंजूर मसुदा, आवृत्ती तीन पॉइंट दोन,
समिती महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी.
मी घरी येऊन मेल केला.
सोळा दिवसांनी उत्तर आलं :
'आशय योग्य आहे. बदलाची गरज नाही.'

त्याच्या आधीच, नवव्या दिवशी, तो परत आला होता.
अंगठा काळा पडला होता.
या वेळी साक्षीदार खरा होता, गप्प बसणारा.
त्यानं विचारलं नाही म्हणे काही.
सही केली, सावकाश, पूर्ण नाव, मढवीतला ढ दोनदा गिरवून.

त्याला औषध मिळालं की हुबेहूब दिसणारी गोळी,
त्याला ठाऊक नाही. डॉक्टरांना नाही.
असंच असायला हवं, मला पटतं;
असंच करत करत माझ्या आईची इन्सुलिनची बाटली
आमच्या फ्रिजच्या दारात आली, दह्याशेजारी.
कुणाकुणाच्या पायावरून आली,
त्याची यादी बाटलीवर नसते.

हिराजीचं रक्त पंधरा वर्षं साठवलं जाईल
उणे सत्तरला.
पहिल्या दिवसाची फीतही ठेवावी लागते म्हणे,
सही झाली नाही तरी.
तीत बाविसाव्या मिनिटाला एक बाई
नियम मोडून 'नाही' म्हणते.

त्या शब्दाचं बिल मी लावलेलं नाही.
च अजून पान सतरावर आहे.