पोटाला डोळा समजतो

फोर्टातल्या मुर्तझाने खोक्यातून काढून हातात दिला
तेव्हा मी आधी कानाशी नेऊन हलवला,
नारळ हलवतात तसा.
आत काही वाजलं नाही.
"आरसाच नाही चाचा, वाजणार काय?"

जुन्यात आरसा होता. दर फोटोला
दार लोटल्यासारखा आपटायचा
आणि समोरच्याला कळायचं,
झालं, सोडा आता श्वास.

हा बोलत नाही.
चुनाभट्टीला घरी आणला, कुमुदला खिडकीशी बसवलं.
ती हसली. मी दाबलं. ती हसतच राहिली.
"काढला का?"
"केव्हाच."
"मग सांगायचं नाही? गाल दुखले."

गळ्यात अडकवून पडदा उघडून बघायला जावं
तर पडदा विझतो.
डोळा जवळ आला असं वाटतं त्याला.
अरे, डोळा नव्हे, पोट आहे ते,
एकतीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांचे सर्व्हे करताना
गॅरेजवाल्यांच्या चहा-खारीवर वाढलेलं.
पण खरं सांगतो, ह्या पोटाला
इतका मान आजवर कोणी दिला नव्हता.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय,
डॉक्टर म्हणतात, थांबू अजून.
म्हणून डाव्याने बघतो.
डाव्याने बघितलं की नाक पडद्याला टेकतं,
नाक टेकलं की फोकस सरकतो.
हे बंद करता येतं. पुस्तिकेत दिलंय, पान दोनशे चौदा.
मी केलं नाही.

कारण कुमुदच्या त्या फोटोत
ती स्वतः जराशी धुकट आहे
आणि तिच्यामागे ग्रिलवर वाळत घातलेला माझा रुमाल,
चिमट्यासकट, इतका लख्ख
की उसवलेल्या कडेला तिने घातलेली टीप मोजता येते.
तेवीस टाके.
माझ्या नाकाने काढलेला हा पहिलाच फोटो.

बॅटरीचं विचारू नका.
सकाळी भरून निघालो तरी कुर्ला येईतो अर्धी.
दुसरी खिशात असते, साखरेच्या गोळ्यांशेजारी.
दुपारी दोघांनाही एकदमच चक्कर येते.

स्वयंपाकघरात काढलेल्या फोटोंवर आडवे पट्टे आले,
मांजरपाटावर निळीचे यावेत तसे.
वरच्या मजल्यावरचा ओजस म्हणाला,
काका, तुमचा दिवा लुकलुकतो, डोळ्यांना दिसत नाही एवढंच.
म्हणजे सहा वर्षं आम्ही पोळ्या खात होतो
विझत्या-पेटत्या उजेडात.
कुमुदला सांगितलं. ती म्हणाली,
"बिल मात्र सलग येतं."

आज इर्शादच्या गॅरेजात एक काळीपिवळी.
डावा दिवा फुटलेला, बंपर ओठासारखा लोंबतोय.
ऑफिसचे फोटो फोनवरच काढले:
चार बाजू, नंबर प्लेट, चासी.
प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा, काचेला काही नाही.
मग पिशवीतून ह्याला काढलं, चालू केलं.
एक जांभई येऊन जावी इतका वेळ लागतो ह्याला जागं व्हायला.

जागा झाला, आणि
इर्शादला सोडून, पाना धरलेल्या पोराला सोडून
टॅक्सीच्या तोंडाभोवती
त्याने पिवळा चौकोन धरला.
चेहरा सापडला म्हणाला.
चौकोन थोडा थरथरला, फुटक्या बाजूला गेला,
परत आला,
आणि उरलेल्या एका दिव्यावर येऊन बसला.

हजारो गाड्या बघितल्या मी.
दिव्यांच्या किमती तोंडपाठ आहेत.

"साहेब, झालं?"
"थांब," म्हटलं.
पोट आत घेतलं, नाक जरा तिरकं केलं,
दाबलं.

इर्शाद अजून थांबलाच आहे.