चौथा ट्रे

माहेर माझं करूळ घाटाखालचं, म्हणून घावन.
इथल्या माणसाला घावन म्हणजे
आंबोळीची गरीब बहीण.
खातात, पण तांबड्या रश्शाकडं बघत.

तालमीची पोरं सांगून गेली,
फायनल संपली की दोनशे माणूस.
गोड काहीतरी करा, गरम पाहिजे,
आणि वैनी, पैसे थोडे मागंपुढं होतील.

दोनशे माणूस, आणि माझा तवा एक.
पहिला जेवून, पान खाऊन, झोपून उठला असता
तरी शेवटचा ताट घेऊन उभाच.
रात्रभर डोक्यात तवा फिरत राहिला.
सकाळी दस्तगीर शिकलगाराच्या बेकरीत गेले, म्हटलं,
दिवाळीत नानकटाई भाजून देता तशी
माझी घावनं भाजाल का?
तो म्हणाला, भट्टीला काय, तिला सगळंच पीठ.

हुसेनबी बागवाननं ठिपके पडलेली केळी दिली क्रेटभर,
मऊ पडलेले चिक्कू फुकट.
सोलून सोलून बोटं काळी झाली.
केळं, चिक्कू, ओलं खोबरं, किसलेला गूळ,
वेलदोडा आठवला तेवढा.
आदल्या रात्री काढून ठेवलेली चारशे घावनं
भरली, वळली, ट्रेमध्ये चेपून बसवली
वडापातल्या माणसांसारखी.

वरून म्हशीचं दूध.
आता दूध नि गूळ एकत्र तापवले की फाटतं,
हे पोरीबाळींनाही ठाऊक.
म्हणून गूळ आत, दूध बाहेर, मधे घावन,
मॅचच्या दिवशी दोन पेठांच्या मधे
पोलीस उभा करतात तसं.

दस्तगीरनं भट्टीत मूठभर पीठ फेकलं,
तांबूस व्हायला किती लागतं ते मोजलं,
म्हणाला, थांबा अजून. पावाची आच आहे ही,
दुधाची नव्हं.

आम्ही थांबलो.
स्टेडियमकडून एक आरोळी आली.
आरोळीला पेठ नसते, कळेना कुणाची.
मग आपली गल्ली गप्प राहिली,
आणि दस्तगीर लांब फळी सारत
मागं न बघता म्हणाला, गेली.

पेनल्टीवर गेली.
पोरं आली, कट्ट्यावर बसली, बूट सोडेनात.
गोलकीपर, साळोख्यांचा प्रणीत,
हातमोजे घालूनच बसला होता.
दोनशेतली साठसुद्धा आली नाहीत.
हरल्यावर माणसाला घरी कामं निघतात.

तेवढ्यात हलगी.
जिंकलेले मुद्दाम आमच्याच बोळातून.
गुलाल, शिट्ट्या, दोन हवालदार घामाघूम.
प्रणीत उठला. त्याच्याबरोबर आणखी सात-आठ.
मी दारात, हातात फडकं.

दस्तगीरनं त्याच वेळी भट्टीचं झाकण काढलं.
मुद्दाम की वेळ झाली होती म्हणून,
मी कधी विचारलं नाही.

हलगीवाल्याचा एक ठोका चुकला.
तांबडाभडक एक पोरगा पुढं आला,
मावशी, काय हाय ते?
केळ्याचं घावन, म्हटलं. हात धुऊन ये.

तो खरंच नळाकडं गेला.
नळाला पाणी नव्हतं.
प्रणीतनं एक हातमोजा काढला, दातांनी,
बादलीतनं तांब्या भरला,
आणि त्याच्या हातावर धार धरली.
गुलाल गटारीत वाहत राहिला,
दोघंही काही बोलले नाहीत.

पुढचं मला नीट दिसलं नाही, वाढत होते.
कुणी मागितलं, कुणी नुसता हात पुढं केला,
हवालदारानं टोपी काढून तीन खाल्ली.
दूध कडेनं थोडं फाटलंच होतं.
तिथली खरपूड उचकटायला
पोरांची बोटं एकमेकांत अडकत होती.

नऊ ट्रे नेले होते, आठ आले.
चौथा गेला तो गेलाच,
कोपऱ्यात पोचा पडलेला, खाली तांबड्या रंगानं ४.
दस्तगीरला पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

परवा त्या पेठेत चप्पल शिवायला गेले होते,
एका माडीच्या कठड्यावर तो दिसला.
कोथिंबीर लावली होती त्यात, बोटभर आलेली.
हाक मारावी म्हटलं.
मग वरून कुणीतरी पाणी घालायला आलं,
आणि मी खाली उभी, तोंडावर शिंतोडे घेत,
चप्पल शिवून झाली का, ते विचारत राहिले.