आठ नंबर

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारींच्या मागं
गैबीलाल शिकलगारचं दुकान आहे.
जाळी, शिसं, नायलॉन, कळकाच्या काठ्या,
आणि छताला टांगलेल्या तीन रॉड, पिशवीतच,
ज्या अजून कोणी मागितल्या नव्हत्या.

मी म्हणालो, समुद्रासाठी पाहिजे.
तो म्हणाला, गगनबावडा उतरेपर्यंत
समुद्र नुसता बोलायचा विषय हाय. कुठला समुद्र?
आचऱ्याचं खाजण. ओहोटीचं.
गुडघाभर पाणी, खाली वाळू, कुठं चिखल.
आणि पिसाचा गळ टाकायचाय. जाळं नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या हातांकडं.

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर काढली मी.
शाफ्ट सरळ पाहिजे, एवढंच काम.
केसाइतका बाक आला की माल परत.
आणि हा माणूस रॉडचं टोक छताला टेकवून म्हणतो,
बघा, कुठनं वाकती ते बघा.
नुसती शेंड्यातनं वाकती ती नको.
मधनं वाकती ती घ्या,
नवख्याची चूक पोटात घालती.

सहा नंबर हातात घेतली तर हातात काहीच नाही.
ही कळंब्याच्या तळ्याला, तो म्हणाला,
खाऱ्या वाऱ्यात गळ तुमच्याच कानात बसंल.
दहा नंबर घेतली.
ही घ्या, आणि खांद्याचा डॉक्टर पण बघून ठेवा.
मग आठ नंबर. नऊ फूट.
चार तुकडे, एसटीच्या फळीवर मावतील असे.

मी विचारलं, एवढंसं पीस एवढ्या लांब जातं कसं?
वजन दोरीला असतंय मिस्त्री,
पीस काय, पीस नुसतं मागनं जातंय.
मला कळलं नाही. मी मान हलवली,
लेथवर नवी पोरं माझ्यापुढं हलवायची तशी.

एकच गोष्ट मला कळत होती.
रिळाच्या बैठकीचा स्क्रू नखानं खरवडला
आणि म्हणालो, ह्याला गंज धरणार.
त्यानं मुकाट्यानं ती ठेवून आतनं दुसरी आणली.
माझ्या हुशारीचे अकराशे रुपये वाढले.

नऊ हजार दोनशे पन्नास.
मालन म्हणाली, मासा बाजारात अडीचशेला येतो.
मी हिशेब केला. सदतीस मासे.
अडतिसाव्यापासून फायदा.
ती हसली नाही.

तिला सांगता आलं नाही ते असं:
मागच्या दिवाळीला लेकीकडं गेलो होतो,
पँट दुमडून पाण्यात उभा होतो,
आणि समोर चार-पाच शेपट्या पाण्याबाहेर आल्या.
तोंडं खाली वाळूत, शेपट्या वर,
ऊन लागून पातळ पत्र्यासारख्या.
चरत होत्या. मग नव्हत्या.
जावयाला नाव विचारलं नाही.
त्यानं सांगितलं असतं,
आणि संध्याकाळी जाळ्यातनं आणलाही असता.

आता रोज सहाला गांधी मैदान.
गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा.
दोरी मानेभोवती, दोरी चपलेत,
एकदा भल्या माणसाच्या सायकलीत.
पोलीस भरतीची पोरं पळता पळता विचारतात,
काका, हितं कुठला मासा?
अजून आला नाही, म्हणतो.

मागं फेकल्यावर थांबायचं असतं,
दोरी पाठीमागं पुरती उलगडेपर्यंत.
तेवढंच जमत नाही. एकतीस वर्षं
मशीन थांबलं की पगार कापला जायचा.

एकोणिसाव्या दिवशी थांबलो.
दोरी डोक्यावरनं गेली, आवाज न करता,
आणि लोकर मातीवर अशी बसली
की धूळही उठली नाही.
कोणी बघितलं का म्हणून वळलो.
एक पोरगा बुटाची नाडी बांधत होता.

घरी येऊन रॉड सोडवतो.
गैबीलालनं बजावलंय, दर खेपेला गोड्या पाण्यानं धुवा,
मीठ सांध्यात जाऊन बसतंय.
बादली घेतो, तिन्ही सांधे धुतो,
कॉटन वेस्टनं पुसतो, सावलीत ठेवतो.

कसलं मीठ? मालन आतनं विचारते.
मी परत एकदा पुसतो.