बिजागरी

ला शो-द-फोंमधले रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ.
गाव पुन्हा वसवताना म्हणे एवढंच पाहिलं,
प्रत्येक कारागिराच्या टेबलावर उजेड पडला पाहिजे.
माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर.
बाहेर बर्फ असला की काम चांगलं होतं,
त्या उजेडात खड्याचा एकही डाग लपत नाही.

एकेचाळीस वर्षं हेच.
मेणाच्या टोकाने हिरकणी उचलायची,
भोकात बसवायची,
कोरणीने सोन्याचा कण उभा करून
तिच्या खांद्यावर लोटायचा.
श्वास घ्यायचा तो दोन हिरकण्यांच्या मधे.
माझ्या स्वतःच्या मनगटावर काही नसतं.
ओरखडे पडतात, दुसऱ्याच्या सोन्यावर.

ज्यांनी मला शिकवलं ते मस्यो कालाम सांगायचे,
साडेचारशे वर्षांपूर्वी जिनीव्हात
धर्मवाल्यांनी दागिन्यांवर बंदी आणली.
सोनार हातावर हात ठेवून बसले.
मग कुणाच्या तरी लक्षात आलं,
घड्याळाला बंदी नाही.
घड्याळ म्हणजे उपयोगाची वस्तू.
उपयोगाच्या वस्तूला थोडी मीनाकारी,
कडेने थोडे खडे...
म्हातारा इथे डोळा मारायचा.
"पोरी, आपला धंदाच मुळी
वेळ मारून नेण्यातून निघालाय."

आणि पुरुष? त्यांचं घड्याळ खिशात, साखळीला.
मनगटावर बांधायचं ते बायकांनी.
पुढे खंदकात बसायची पाळी आली,
दोन्ही हात बंदुकीला लागले,
तेव्हा त्यांनी ते आमच्याकडून गुपचूप उचललं.

मंगळवारी लोझानहून मादाम पिदू आल्या.
रुमालात हिऱ्यांचा पट्टा, सासूबाईंचा.
वरून पाहावं तर नुसता दागिना.
कडेची कळ दाबली की मधलं झाकण उघडतं,
आत पावट्याएवढी तबकडी.
चारचौघांत बाईने वेळ पाहणं
असभ्य होतं तेव्हा.
समोरचा बोलतोय आणि तुमची नजर काट्यांवर?
म्हणून वेळ झाकली, आणि झाकणाला हिरे जडवले.

"सासूबाईंनी कधी घड्याळ पाहिलं नाही," मादाम म्हणाल्या.
"रात्री दोनपर्यंत पाहुणे बसायचे,
त्या आपल्या हसून ऐकत असायच्या.
मला नाही जमलं तसं.
एक खडा पडलाय, तेवढा बसवा.
घड्याळ नाही चाललं तरी चालेल."

त्या गेल्यावर भिंग लावलं.
हिरे काल बसवल्यासारखे. हिरा काही लक्षात ठेवत नाही.
सोनं ठेवतं.
कळीवरची नक्षी पार गुळगुळीत,
झाकणाच्या ओठाशी नखाने पाडलेली पन्हळ,
आणि बिजागरीची खीळ मधे झिजून
केसाइतकी बारीक.
हे वर्षातून चार मेजवान्यांचं काम नव्हे.
मी हिशेब करून पाहिला, मग सोडून दिला.
टेबलाखाली, मांडीवर, पंख्याआड,
एखादा बँकवाला स्वतःचीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असताना
किती हजार वेळा
त्या हसऱ्या बाईने हे उघडलं असेल!

की कुणाची वाट पाहत होती?
ते भिंगातून दिसत नाही.

खडा बसवला. खीळ नवी घातली,
नाहीतर झाकण गळून पडलं असतं.
जुनी खीळ कागदाच्या पुडीत, बिलासोबत.

"हे काय?"
"बिजागरीची खीळ. झिजली होती."
"कशानं?"
"वापरानं," मी म्हणाले,
आणि सुटे पैसे मोजत राहिले.

त्यांनी पुडी लगेच पर्समध्ये टाकली नाही.
हातातच धरून दारापर्यंत गेल्या.
जिन्यात दुसऱ्या वळणावर पावलं थांबली.
कळ वाजली, खट्.
आतले काटे कधीचेच अकरा वीसवर थांबलेले,
ते मी दुरुस्त केले नव्हते, तसं सांगितलंही होतं.

मग बराच वेळ
खाली पावलांचा आवाज नाही.