खिंड बंद

नारीनमध्ये फेब्रुवारीत उजाडायला आठ वाजतात.
रात्री दोनला मी मोजतेय:
काचपट्टीवर पसरलेला एक थेंब,
एरमेक, वय सात आठवडे,
डांग्या खोकल्याने निळा पडणारा.
बोटाखाली कळ. टक्. टक्. टक्.

पांढऱ्या पेशी एक लाख दहा हजार.
त्याची आई मीरिम दारातूनच विचारते,
"सैनिक वाढलेत म्हणजे बरंच ना?"
मी भिंग पुसत राहते.

सैनिक अडकलेत, मीरिम.
जंतू बसलाय श्वासनळीच्या लवेत,
रक्तात तो उतरतसुद्धा नाही.
उतरतं ते त्याचं विष,
आणि पेशीच्या आतला एक बारकासा सांधा
आखडून ठेवतं.
हाक येते. पाऊल उचलत नाही.

आजोबा मेंढ्या न्यायचे सोन-कुलच्या कुरणात.
एका वर्षी मे महिन्यात खिंडीत बर्फ कोसळलं.
अलीकडे सहाशे मेंढ्या, मोजणी चोख,
पलीकडे गुडघाभर गवत, खायला तोंड एक नाही.
लोक म्हणाले,
काय मोठा कळप झालाय तुमचा यंदा!

एरमेकच्या मानेतल्या गाठी ओस.
फुफ्फुसात जुने राखणदार आहेत,
तिथेच जन्म काढणारे, आलेली धूळ गिळणारे.
विषाने पहिली त्यांचीच वाचा बसवली.
कुणाला बोलवायचं, तेच बोलत नाहीत.
आणि रक्तात ही दाटी,
केसाएवढ्या वाटा
घरच्याच माणसांनी बुजलेल्या.

तीनला डॉक्टर काल्यबेक म्हणतात, काढा.
मांडीच्या शिरेतून दहा मिलिलीटर बाहेर,
दुसऱ्याचं दहा आत.
पुन्हा दहा.
बावीस वर्षं मी याच पेशी कमी दिसल्या
की घाबरत आले.
आज त्या तसराळ्यात पडताना
बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय
याची लाजही वाटतेय.

सव्वाआठ. दुसरा थेंब.
बत्तीस हजार.
"इतके कमी?" मीरिमचा चेहरा पांढरा.
मी म्हणते, बस. चहा घे. साखर जास्त घाल.

पलीकडच्या खोलीत खोकला सुरू होतो,
लांबतो,
थांबतो.
माझं बोट कळेवर.
खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढतंय,
त्याला गप्प करावंसं वाटतं.

मग एक श्वास.
टक्.