खाच

लमाराबाईंनी पट्टी पिशवीतून काढली तेव्हाच मला कळलं.
सोळा जीबी, नवीकोरी, अंगावर निळं पत्र्याचं चिलखत,
बातुमीहून भाच्याने पाठवलेली.
"बसत नाही हो," त्या म्हणाल्या, "दाबूनसुद्धा."
दाबूनसुद्धा!
मी आधी मदरबोर्ड पाहिला, मग त्यांचे अंगठे.
अंगठे लाल होते. बोर्ड वाचला होता.

कुताइसीत, रिओनी नदीच्या पुलापासून तिसऱ्या गल्लीत
माझं तळघर. बारा पायऱ्या.
अख्खा कॉम्प्युटर त्यांनी शालीत गुंडाळून
चाकांच्या भाजीपिशवीतून उतरवला होता.

हे बघा, म्हटलं, ही खाच.
मध्यापासून जरा बाजूला, दातांच्या ओळीत पडलेली फट.
आणि इथे स्लॉटमध्ये हा उंचवटा.
दोघं समोरासमोर आले तरच आत जायचं.
तुमच्या बोर्डाला लागते डीडीआर थ्री, ही आहे फोर.
खाच चुकलीये जेमतेम काही मिलिमीटरने.
चुकलेली नव्हे, चुकवलेली.
कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून ठरवून ठेवलंय
की जोर करणाऱ्याचं इथे काही चालू नये.
मला तो माणूस आवडतो.
त्याला आणखी चार ठिकाणी कामाला लावायला हवं होतं.

बाईंना काळजी वेगळीच.
"मेमरी बदलली की गाणी जातील का?"
गाणी म्हणजे त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांची,
मयताच्या घरी गायची, शब्द नसलेली, नुसते सूर;
एकेका तोंडापुढे एकेक माईक धरून टिपलेली.
तीन आवाज उघडले तर चालतं.
चौथा उघडला की कॉम्प्युटर मान टाकतो.

म्हटलं, बाई, गाणी फडताळात आहेत,
फडताळाला मी हात लावत नाही.
हा नुसता ओटा. जेवढी जागा, तेवढंच एका वेळी पसरायचं,
आणि वीज गेली की ओटा आपोआप पुसला जातो.
"मग हिला मेमरी का म्हणतात?"
मी खोडरबर शोधू लागलो.

बंद पडलेल्या एका नोटरीच्या कचेरीतले सहा डबे
कोपऱ्यात पडून आहेत. एकातून आठ जीबीची थ्री निघाली.
सोनेरी दात घासले,
पोरं चुकलेलं गणित घासतात तसे.
दोन्ही टोकांना अंगठे. एक टक्. दुसरा टक्.
बटण दाबलं.
पंखा फिरतोय, पडदा काळा,
आणि एक लांब, कोरडी बीप. परत. परत.
बाईंनी हातमोज्यासकट छातीवर क्रूस केला.

मी वायर उपटली, बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढला,
आणि आम्ही चहा घेतला, न बोलता.
जुने हट्ट विसरायला बोर्डाला तेवढा वेळ पुरतो.
मग सेल. मग पट्ट्या, जागा अदलून.

१२२८८.
आकडा आम्ही दोघांनी एकदमच मोठ्याने वाचला.

एक गोष्ट सांगायला हवी होती, सांगितली:
ही आलेली पट्टी सोळाशेने धावू शकते,
तुमची जुनी तेराशे तेहतीसने.
एका बोर्डावर आल्या की दोघी जुनीच्याच चालीने जाणार.
बाई हसल्या. "आमच्या उशांगीसारखं."
उशांगीला दमा. तो जिथे श्वास घेई
तिथे सगळे थांबत, तरणीबांड पोरंसुद्धा,
ज्यांच्या छातीत अजून अर्धा सूर शिल्लक असे.

चारही आवाज त्यांनी तिथेच उघडले,
माझ्या फुटक्या स्पीकरवर.
मध्येच कुणीतरी खोकलं.
हे कापता येतं, म्हणत मी माउसकडे हात नेला.
त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला,
रिकामा कप ठेवावा तसा.

वीस लारी आणि अक्रोडांची पुरचुंडी देऊन त्या वर गेल्या.
निळी पट्टी इथेच राहिली.
ड्रॉवरमध्ये आहे. चांगली आहे.
तिचा बोर्ड अजून पायऱ्या उतरलेला नाही, एवढंच.