मानशीवर दोन दांड्या

घरात रेंज नाही. पडवीत नाही. चिंचेखाली
एक दांडी येते आणि बोलता बोलता जाते.
मानशीवर मात्र दोन, ओहोटीला कधी तीन.
कायतान म्हणतो, "खाडी उतरली
की तुझा फोनही श्वास घेतो."

शनिवारी औषधांचं दुकान आवरून
रायबंदरहून फेरीबोट,
मग दिवाडीच्या बांधावरून पंधरा मिनिटं,
चपला हातात.
चारला वर्ग: कृषी पदविका, दुसरं सत्र,
मृदाशास्त्र, विद्यार्थी शहाऐंशी.
त्रेचाळीस वर्षांची मी एकटीच असेन
किंवा नसेन. कॅमेरे सगळ्यांचे बंद,
काळ्या वाफ्यांत नुसती आद्याक्षरं
पेरलेली, न उगवलेली.

सर कुठल्याशा कोरड्या तालुक्यात बसतात.
मागे पंखा, पंख्यामागे फडफडणारी दिनदर्शिका.
ते "मीठ" म्हणतात
ते एखाद्या दुखण्याचं नाव घेतल्यासारखं.
मी वहीत उतरवते: जिप्सम. निचरा. गोडं पाणी.
पाठीमागे कायतान बांधाची भोकं बुजवत असतो,
चिखल आणि पेंढा, पेंढा आणि चिखल.
कुर्ल्या रात्रीत पुन्हा उकरतील, त्याला ठाऊक आहे.
लिहिता येत नाही त्याला. ऐकतो मात्र सगळं.
"हा माणूस," तो विचारतो,
"खाऱ्या पाण्याला कधी आत बोलावतो का?
की नुसता हाकलतो?"

कारण इथे आम्ही बोलावतो.
कोरगूट कापून झालं की मानस उघडी,
खाडी शेतात येते, मासळीसकट,
तण मारते, कीड मारते, उन्हाळाभर राहते.
पुढे आभाळ धुऊन नेतं तिला.
दुकानात मी हेच तर करते:
अर्धी गोळी, जेवणानंतर, पाच दिवस.
तीच पाच एकदम घेतली तर विष.
मिठाचंही मोजमाप असतं, वेळ असते,
आणि पुढ्यात कोणाचं पोट आहे तेही बघावं लागतं.

चाचणीत चौदावा प्रश्न होता:
खारट जमिनीतील मीठ म्हणजे
अ, ब, क, ड.
चारांत खाडी नव्हती.
मी सरांना हवा तो "क" निवडला,
एक गुण मिळाला,
आणि आठवडाभर त्या गुणाची चव
जिभेवर राहिली. कशी ते सांगायला नको.

पुढच्या शनिवारी माइक चालू केला.
आवाज आधी माझाच मला दोनदा ऐकू आला.
म्हटलं, सर, आमच्याकडे थोडं वेगळं आहे.
पंखा फिरत राहिला.
मग ते म्हणाले, "दाखवता येईल?"

अमावास्या होती. भाद्रपदातली भरती,
खाडी फुगत, रेटत, लाकडाला भिडलेली.
शेतात गुडघाभर हिरवं कोरगूट.
मी फोन दोन्ही हातांनी धरला,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
आणि कायतानने फक्त बोट दाखवलं: बघा.
कोणी ढकललं नाही, कोणी ओढलं नाही.
बाहेरच्याच पाण्याने दार लोटलं,
बाहेरचं पाणी बाहेर ठेवून.
धप्प.
एक काळा चौकोन उघडला, त्यात एक मुलगा,
मागे सोयाबीनची पोती.
मग आणखी एक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बाई,
माझ्याच वयाची. मग सात-आठ.

सर पुढे झुकले होते, चष्मा कपाळावर.
"पुन्हा एकदा दाखवा," म्हणाले.
मी कायतानकडे पाहिलं.
त्याने हात खाडीत खळबळून धुतले.
"सांग त्याला, पहाटे ये. साडेचारला."

रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नीट आलेला नाही.
चित्र गोठलंय माझ्या अंगठ्यावर,
आवाज आहे फक्त: पाणी, धप्प,
आणि कोणीतरी माइक बंद करायला विसरलेलं
हळूच म्हणतंय, "अगं आई, इकडे ये, बघ."

चौदाव्या प्रश्नाचा गुण अजून माझ्याकडेच आहे.
परत कसा करायचा, त्यासाठी बटण सापडत नाही.